ट्रान्झॅक्शनची हद्द कुठे आखावी आणि लॉक किती वेळ धरावा: आसन-आरक्षणाच्या निमित्ताने

प्रश्नाचा गोषवारा असा आहे. नाटकांची तिकिटे विकणाऱ्या एका संकेतस्थळाचे काम आसने, आरक्षणे, देयके आणि सूचना अशा चार घटकांत वाटलेले आहे. जावा ही भाषा आणि तिची स्प्रिंग ही चौकट (फ्रेमवर्क) वापरून हे घटक वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिले. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस आहे, पण हाच कोड एका ग्राहकाकडे मायएसक्यूएलवरही चालतो. प्रत्येक घटक स्वतः ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे पार पडणारे किंवा सगळे मागे जाणारे बदल) उघडतो आणि स्वतःच कमिट करतो, म्हणजे बदल कायम करतो. गर्दीच्या प्रयोगाची विक्री खुली झाली की तीन तक्रारी येतात: एकच आसन दोघांना विकले जाते, काहींचे पैसे कापले जातात पण आरक्षण दिसत नाही, आणि मधूनच सगळे संकेतस्थळ अर्धा मिनिट गोठून बसते. अशा वेळी लॉक (एका नोंदीला त्याच वेळी दुसऱ्याने हात लावू नये म्हणून घातलेले अडसर) वाढवावेत, आयसोलेशनची (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून अलग ठेवण्याची) पातळी सीरियलायझेबल, म्हणजे सर्वांत कडक, करावी, की आणखी काही करावे, असे विचारले आहे.

लॉक वाढवण्याआधी ट्रान्झॅक्शनच्या हद्दी हलवाव्या लागतील, असे माझे मत आहे. हद्दी चुकीच्या जागी असताना लॉक वाढवले तर दुहेरी विक्री कदाचित थांबेल, पण गोठण्याची तक्रार हमखास बळावेल. म्हणून आधी हद्दींविषयी लिहितो आणि लॉककडे नंतर वळतो.

आसनांचा घटक 'हे आसन राखीव कर' एवढेच काम करतो. ते काम स्वतःपुरते पूर्ण आहे की मोठ्या कामाचा एक तुकडा आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते त्याला बोलावणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यामुळे खालच्या घटकाने कमिट करणे म्हणजे ज्या निर्णयाची माहितीच आपल्याकडे नाही तो निर्णय घेणे होय. आसन राखीव होऊन कमिट झाले आणि लगेच पुढच्या पायरीवर आरक्षणाची नोंद करताना चूक आली, तर ते आसन कोणाचेच न राहता अडकून पडते. ट्रान्झॅक्शनची हद्द व्यवसायाच्या दृष्टीने एक कृती ठरणाऱ्या वरच्या सेवा-मेथडवर असावी: 'आसने राखून ठेवणे' ही एक, 'देयक निश्चित करणे' ही दुसरी, 'आरक्षण रद्द करणे' ही तिसरी. खालच्या घटकांनी चालू ट्रान्झॅक्शनमध्ये सामील व्हावे, आणि असे ट्रान्झॅक्शन चालू नसेल तर तक्रार करावी. स्प्रिंगमध्ये यासाठी मँडेटरी नावाचे प्रोपगेशन (चालू ट्रान्झॅक्शनशी कसे जोडून घ्यायचे याचा नियम) आहे आणि ते फार कमी वापरले जाते. रिपॉझिटरीवर, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या वर्गावर, ते लावले की हद्द न आखता केलेला प्रत्येक वापर चाचणीतच उघडा पडतो.

स्प्रिंगमध्ये डेटाबेसचे कनेक्शन थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाला) बांधलेले असते, म्हणून एकाच ट्रान्झॅक्शन मॅनेजरखालचे सगळे घटक आपोआप तेच कनेक्शन वापरतात. हीच सोय काही ठिकाणी दगा देते. एकाच वर्गातल्या एका मेथडने दुसरीला थेट बोलावले तर प्रॉक्सी (ट्रान्झॅक्शन उघडणारा स्प्रिंगचा मध्यस्थ) मध्ये येत नाही आणि दुसऱ्या मेथडवरचे ट्रान्झॅक्शनल हे ॲनोटेशन (कोडवर लावलेली खूण) निव्वळ शोभेचे राहते. चेक्ड एक्सेप्शन (जी हाताळायला जावा भाग पाडते अशी चूक) बाहेर पडले तर स्प्रिंग मूळ नियमानुसार रोलबॅक न करता, म्हणजे बदल मागे न घेता, कमिट करते. रोलबॅक हवा असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. आतल्या ट्रान्झॅक्शनल मेथडचे रनटाइम एक्सेप्शन बाहेरच्या मेथडने गिळले, तरी सामाईक ट्रान्झॅक्शनवर 'फक्त रोलबॅक' असा शिक्का आधीच बसलेला असतो, आणि शेवटी कमिटच्या वेळी अनपेक्षित रोलबॅकचे एक्सेप्शन येते, ज्याचे मूळ लॉगमध्ये शोधताना बराच वेळ जातो. नवा थ्रेड किंवा असिंक (बाजूला स्वतंत्र चालणारी) मेथड सुरू केली तर ट्रान्झॅक्शन तिकडे जात नाही. नोडवर (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर) काम करणाऱ्यांची अडचण याच्या उलट आहे: तिथे थ्रेडला बांधणी नसल्यामुळे ट्रान्झॅक्शन उघडणारे बिगिन एका क्लायंटवर जाते आणि मधलीच एक क्वेरी पूलवर (तयार कनेक्शनांच्या साठ्यावर) थेट चालवली जाऊन दुसऱ्याच कनेक्शनवरून, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, पार पडते. कोड वाचताना हे चटकन लक्षात येत नाही.

आता गोठण्याची तक्रार. देयक घटकात 'नोंद कुठल्याही परिस्थितीत राहिली पाहिजे' म्हणून रिक्वायर्स-न्यू हे प्रोपगेशन वापरले आहे, असे प्रश्नात म्हटले आहे. त्याचा अर्थ असा की बाहेरचे ट्रान्झॅक्शन आपले कनेक्शन धरून थांबते आणि आतले ट्रान्झॅक्शन पूलमधून दुसरे कनेक्शन मागते. स्प्रिंगबरोबर वापरल्या जाणाऱ्या हिकारी या पूलची मूळ कमाल मर्यादा 10 कनेक्शनची आहे आणि कनेक्शनसाठी थांबण्याची मूळ मुदत 30 सेकंदांची आहे. एकाच वेळी दहा विनंत्या बाहेरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये शिरल्या की दहाही कनेक्शन संपतात, दहाही थ्रेड अकराव्याची वाट पाहतात आणि ते कोणी सोडत नाही. डेटाबेसच्या दृष्टीने हा डेडलॉक (दोघे एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणे) नाही, कारण तिथे कोणीच कोणाच्या लॉकसाठी थांबलेले नसते. त्यामुळे तो डेटाबेसच्या लॉगमध्ये दिसतही नाही. तुमचे 'अर्धा मिनिट' बहुधा हेच 30 सेकंद आहेत. हिकारीच्या माहितीपत्रात यासाठी सूत्र दिलेले आहे: थ्रेडची संख्या गुणिले, एका थ्रेडला एका वेळी लागणाऱ्या कनेक्शनमधून एक वजा, अधिक एक. दहा थ्रेड आणि प्रत्येकी दोन कनेक्शन असतील तर किमान 11 हवीत. पण टॉमकॅट या वेब सर्व्हरचे थ्रेड मूळ मांडणीत 200 पर्यंत जातात, म्हणून पूल फुगवत बसण्यापेक्षा रिक्वायर्स-न्यू काढून टाकणे शहाणपणाचे आहे.

ही चर्चा निघालीच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. 'एक वेब विनंती म्हणजे एक ट्रान्झॅक्शन' ही मांडणी अनेकांना आवडते, आणि पायथनच्या जँगो या चौकटीत ॲटॉमिक रिक्वेस्ट्स हा पर्याय चालू केला की ती मिळतेही. लहान, आतल्या वापराच्या कार्यक्रमांना ती पुरते. बाहेरच्या सेवांना हाक मारणाऱ्या संकेतस्थळाला ती वापरू नये. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पान तयार होत असतानाही डेटाबेस वाचू देण्याची सोय) मूळतः चालू असते. ते ट्रान्झॅक्शन लांबवत नसले तरी पान तयार होईपर्यंत कनेक्शन अडकवून ठेवू शकते. ते बंद करावे. बंद केल्यावर काही पाने आळशी लोडिंगच्या (गरज पडेल तेव्हाच डेटा आणण्याच्या) एक्सेप्शनने मोडतील, आणि ती मोडावीतच, कारण नेमक्या त्याच ठिकाणी हद्दीबाहेर डेटा वाचला जात होता.

दुहेरी विक्रीचे कारण वेगळे आहे. कोड आधी आसनाची स्थिती वाचतो, ती 'मोकळे' असल्याचे जावामध्ये तपासतो आणि मग 'राखीव' असे लिहितो. हे सगळे एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळले की प्रश्न मिटला असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. पोस्टग्रेसची मूळ पातळी रीड कमिटेड (फक्त कमिट झालेला डेटा दिसेल एवढीच हमी) आहे. दोन ट्रान्झॅक्शन एकाच क्षणी तीच नोंद वाचू शकतात, दोघांनाही ती मोकळी दिसते आणि दोघेही लिहितात. दुसरा लिहिणारा पहिल्याच्या कमिटसाठी थांबतो हे खरे, पण थांबून झाल्यावर तो निमूटपणे पहिल्याचे नाव पुसून स्वतःचे लिहितो, कारण त्याची तपासणी जावामध्ये केव्हाच होऊन गेलेली असते.

म्हणून तपासणी आणि लिहिणे एकाच वाक्यात आणावे. त्याचा आकार साधारण असा होतो:

अपडेट आसनसाठा सेट स्थिती = 'राखीव', टोकन = :टोकन, मुदत = :मुदत व्हेअर प्रयोग = :प्रयोग अँड आसन = :आसन अँड स्थिती = 'मोकळे'

आता दुसरे ट्रान्झॅक्शन पहिल्यासाठी थांबले आणि पहिले कमिट झाले, की पोस्टग्रेस व्हेअरमधली अट नव्या नोंदीवर पुन्हा तपासते, ती खोटी ठरते आणि बदललेल्या नोंदींची संख्या शून्य येते. ही संख्या तपासणे हाच या उपायाचा गाभा आहे. चार आसने मागितली आणि तीनच बदलली तर सगळे रोलबॅक करून ग्राहकाला 409 (टक्कर झाली) हा एचटीटीपी प्रतिसाद द्यावा. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाची मूळ पातळी रिपीटेबल रीड (ट्रान्झॅक्शनभर तेच चित्र दिसत राहणे) आहे, तरीही हे वाक्य तिथे तसेच चालते, कारण अपडेट नेहमी ताजी कमिट झालेली नोंद पाहते. मात्र त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी साधे सिलेक्ट केले असेल तर ते जुन्या स्नॅपशॉटवरूनच (आधी टिपलेल्या चित्रावरूनच) वाचत राहते, त्यामुळे 'सिलेक्टला मोकळे दिसते पण अपडेट शून्य देते' असे कोड्यात टाकणारे दृश्य दिसते. पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड ठेवले तर अशा वेळी शून्य न मिळता 40001 क्रमांकाची चूक येते आणि संपूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावे लागते. नाव एकच असले तरी दोन डेटाबेसांचे रिपीटेबल रीड वागण्यात इतके वेगळे आहे, आणि तुमचा कोड दोन्हींवर चालतो, हे ध्यानात ठेवा.

एकापेक्षा अधिक आसने असतील तर आधी सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच नोंदी लॉक करणारे वाक्य) करून लॉक घ्यावेत, आणि ते आसनाच्या किल्लीच्या ठरलेल्या क्रमाने घ्यावेत. एकाने क-11 आणि मग क-12 घेतले, दुसऱ्याने क-12 आणि मग क-11 मागितले, तर डेडलॉक ठरलेला. एका अपडेटमध्ये अनेक आसने घातली तरी ती कोणत्या क्रमाने लॉक होतील याची हमी नसते, म्हणून ऑर्डर बाय लावलेले वेगळे सिलेक्ट हवे. हाच क्रम टेबलांनाही लागू आहे: आसनसाठा, मग आरक्षण, मग देयक असे एकदा ठरले की रद्द करण्याच्या कोडनेही त्याच दिशेने जावे. रद्द करताना स्वाभाविकपणे आरक्षणापासून सुरुवात होते आणि बहुतेक डेडलॉक तिथेच जन्मतात. आरक्षणाची माहिती लॉक न घेता वाचावी, त्यातून आसने कळली की आधी आसने लॉक करावीत आणि मग आरक्षण लॉक करून त्याची स्थिती पुन्हा तपासावी.

सिलेक्ट फॉर अपडेटची एक मर्यादा फार जणांना माहीत नसते: जी नोंद अस्तित्वातच नाही तिला लॉक लागत नाही. 'आरक्षणाची नोंद नसणे म्हणजे आसन मोकळे' अशी रचना असेल तर पोस्टग्रेसमध्ये फॉर अपडेट काहीच अडवत नाही. इनोडीबीमध्ये रिकाम्या जागेवर गॅप लॉक लागतो, पण असे दोन गॅप लॉक एकमेकांना अडवत नाहीत. दोघांनाही ते मिळतात आणि मग दोघांचेही इन्सर्ट एकमेकांसाठी अडून डेडलॉक होतो. म्हणून प्रयोग जाहीर होतानाच त्याच्या प्रत्येक आसनाची एक नोंद आसनसाठ्यात तयार करून ठेवावी. हजार आसनांचे नाट्यगृह असले तरी हजारच नोंदी होतात; डेटाबेसच्या मानाने हे काहीच नाही. इनोडीबीबद्दल आणखी एक: ते क्वेरी चालवताना तपासलेल्या इंडेक्स-नोंदी लॉक करते, फक्त जुळलेल्या नव्हे. रिपीटेबल रीड पातळीवर योग्य इंडेक्स नसेल तर एका आसनासाठी सगळे टेबल लॉक होऊन बसते.

प्रयोगाच्या नोंदीवर 'शिल्लक आसने' हा आकडा ठेवलेला आहे आणि प्रत्येक विक्रीत तो एकाने कमी होतो, असेही प्रश्नात आले आहे. ही एक नोंद सगळ्या खरेदीदारांना एकाच रांगेत उभे करते. शिवाय इनोडीबीमध्ये परकीय किल्ली (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीचा संदर्भ) असलेल्या टेबलात इन्सर्ट केले की मूळ नोंदीवर सामाईक लॉक लागतो. दोन ट्रान्झॅक्शननी तो घेतला आणि मग दोघांनीही त्याच नोंदीतला आकडा बदलायला घेतला की डेडलॉक होतो. पोस्टग्रेस 9.3 पासून परकीय किल्लीसाठी त्याहून हलका लॉक घेते आणि किल्ली न बदलणाऱ्या अपडेटशी तो भांडत नाही, म्हणून तुम्हाला हा त्रास फक्त एका ग्राहकाकडे होत असणार. तो आकडा काढून टाका. शिल्लक आसने मोजायची असतील तर मोजणीची क्वेरी करा आणि तिचे उत्तर काही सेकंद कॅशमध्ये ठेवा; मुखपृष्ठावर '37 शिल्लक' ऐवजी '39 शिल्लक' दिसल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

सीरियलायझेबलचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. 1992 च्या एसक्यूएल मानकात चार पातळ्या ठरल्या, आणि त्या व्याख्यांतल्या त्रुटी दाखवणारा निबंध 1995 साली बेरेन्सन, जिम ग्रे आणि इतरांनी प्रसिद्ध केला. स्नॅपशॉट आयसोलेशनमध्ये सुटून जाणारी राइट स्क्यू ही गफलत त्यात स्पष्ट मांडलेली आहे. तुमच्याकडे तिचे उदाहरण तयार आहे. 'एका खात्याला एका प्रयोगाची जास्तीत जास्त सहा तिकिटे' हा नियम घ्या. एकाच माणसाने दोन टॅबमधून चार-चार तिकिटे मागितली, दोन्ही ट्रान्झॅक्शननी आधीची तिकिटे मोजली, दोघांनाही शून्य दिसली आणि दोघांनीही चार आसने घेतली. आसने वेगळी, नोंदी वेगळ्या, म्हणून लॉकची टक्कर नाही. नियम मात्र मोडला. पोस्टग्रेसने 2011 मध्ये 9.1 या आवृत्तीत आणलेली सीरियलायझेबल पातळी हे पकडते आणि एकाला 40001 देऊन परत पाठवते. पण त्यासाठी संबंधित सगळी ट्रान्झॅक्शन त्याच पातळीवर हवीत आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा प्रयत्न करण्याची शिस्त हवी. चार हातांनी लिहिलेल्या कोडमध्ये ती शिस्त लगेच येईल असे मला वाटत नाही. तुमच्यासाठी मी रीड कमिटेडच ठेवीन आणि या एका नियमासाठी ग्राहकाच्या खात्याची नोंद सर्वांत आधी फॉर अपडेट करीन. म्हणजे एका खात्याची दोन कामे एकामागोमाग होतील आणि इतरांना झळ लागणार नाही. नियमांची संख्या वाढत गेली आणि कोणता नियम कोणत्या लॉकवर उभा आहे हे सांगता येईनासे झाले, तर सीरियलायझेबलचा विचार जरूर करावा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ग्राहक आसन निवडतो, मग यूपीआयचे ॲप उघडतो, पिन आठवतो, घरच्यांना विचारतो. या सगळ्याला मिनिटे लागतात. डेटाबेसचा लॉक मात्र मिलिसेकंदांसाठी बनवलेला आहे. माणसाच्या गतीने टिकणारी अडवणूक ही डेटाबेसच्या लॉकने न करता डेटामधल्या स्थितीने करावी. वरच्या वाक्यातले टोकन आणि मुदत हे कॉलम त्यासाठीच आहेत: आसन दहा मिनिटांसाठी 'राखीव' करायचे, कमिट करायचे आणि कनेक्शन सोडून द्यायचे. अट थोडी वाढवून 'मोकळे, किंवा राखीव पण मुदत उलटलेले' अशी केली की मुदत संपलेले आसन पुढचा ग्राहक थेट घेऊ शकतो आणि बरोबरपणा कोणत्याही क्रॉन जॉबवर (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर) अवलंबून राहत नाही. साफसफाईचा जॉब ठेवायचा असेल तर तो स्किप लॉक्ड (लॉक असलेल्या नोंदी सोडून पुढे जाणे) वापरून छोट्या तुकड्यांत चालवावा. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून आणि मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून आहे. वेळ डेटाबेसच्या घड्याळाची घ्यावी, कारण दोन ॲप्लिकेशन सर्व्हरांची घड्याळे जुळतीलच असे नाही. त्यातही पोस्टग्रेसचे नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते; लॉकसाठी थांबून झाल्यावरची खरी वेळ हवी असेल तर क्लॉक-टाइमस्टॅम्प वापरावे लागते. ग्राहकाला पडद्यावर आठ मिनिटे दाखवावीत आणि डेटाबेसमध्ये दहा ठेवावीत. मधली दोन मिनिटे बँकेच्या संथपणासाठी आहेत.

व्यवस्थापकांच्या पडद्यांना, म्हणजे प्रयोगाची वेळ किंवा दर बदलण्याला, एवढे सोपस्कार नकोत. तिथे आवृत्ती-क्रमांकाचा कॉलम आणि जेपीए या जावाच्या डेटाबेस-मानकाचे व्हर्जन ॲनोटेशन पुरते. फक्त तो क्रमांक फॉर्मबरोबर ब्राउझरमध्ये जाऊन तिथूनच परत आला पाहिजे. जतन करताना डेटाबेसमधून ताजी नोंद वाचून तिचाच क्रमांक वापरला तर तुलना नेहमीच जुळते आणि दोन व्यवस्थापकांपैकी आधीच्याचे काम गुपचूप पुसले जाते. आवृत्ती-क्रमांकाचा कॉलम असूनही ही चूक कित्येक ठिकाणी दिसते.

पैसे कापले जाऊन आरक्षण न दिसण्याचे मूळ देयकाच्या मेथडमध्ये आहे: ती ट्रान्झॅक्शन उघडते, पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेला, म्हणजे पेमेंट गेटवेला, हाक मारते आणि उत्तर आल्यावर सगळे कमिट करते. गेटवेने पैसे घेतले आणि नंतर कमिट फसला तर डेटाबेसमधले सारे मागे जाते, पैसे मात्र मागे येत नाहीत. शिवाय गेटवे दहा सेकंद संथ झाला तर कनेक्शन आणि लॉकही तेवढा वेळ अडकून पडतात. हे काम तीन भागांत तोडावे. पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये देयकाची 'प्रलंबित' नोंद स्वतःच्या अनन्य क्रमांकासह करून कमिट करावे. मग कोणतेही ट्रान्झॅक्शन उघडे नसताना, तोच क्रमांक देऊन गेटवेला हाक मारावी, म्हणजे हाक दोनदा गेली तरी पैसे एकदाच कापले जातील. उत्तर आल्यावर दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये देयक 'यशस्वी', आसन 'विकलेले' आणि आरक्षण 'निश्चित' करावे, आणि या अपडेटमध्येही टोकनची अट असावीच.

गेटवेकडून येणारा वेबहुक (निकाल कळवणारी आपोआप विनंती) दोनदा येऊ शकतो आणि ब्राउझरमधून परतणाऱ्या ग्राहकाच्या आधीही येऊ शकतो. दोघांनीही एकच 'देयक निश्चित करणे' ही मेथड बोलवावी, आणि स्थिती 'प्रलंबित' असेल तरच ती पुढे जावी. दुसऱ्या वेळी शून्य नोंदी बदलल्या तर ती चूक समजू नये, काम आधीच झाले आहे असे समजून 200 (यशस्वी) हा प्रतिसाद द्यावा. मुदत उलटून आसन दुसऱ्याला गेले असताना यशाचे उत्तर आले तर काय करायचे, हा तांत्रिक प्रश्न नाही. परतावा आपोआप सुरू करायचा की नाही हे संकेतस्थळाच्या मालकांनी ठरवून लेखी द्यावे. याशिवाय पंधरा मिनिटांहून जुन्या 'प्रलंबित' देयकांची स्थिती गेटवेला विचारून ती निकालात काढणारा जॉब हवाच, कारण दुसऱ्या ट्रान्झॅक्शनच्या आधी सर्व्हरच बंद पडण्याची शक्यता कोणतीही रचना शून्यावर आणू शकत नाही.

सूचना घटकालाही हाच नियम लागू आहे. एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आत पाठवला आणि मग रोलबॅक झाला, तर नसलेल्या तिकिटाचा संदेश ग्राहकाच्या हातात पडतो. कमिटनंतर चालणारे हुक, जसे जँगोचे ऑन-कमिट, त्यापेक्षा बरे. पण कमिट आणि हुक यांच्या मध्ये प्रोसेस मेली तर संदेश हरवतो. तिकिटासारख्या गोष्टीसाठी आउटबॉक्स टेबल ठेवावे: पाठवायच्या संदेशाची नोंद आरक्षणाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करावी आणि वेगळ्या वर्करने ती स्किप लॉक्डने उचलून पाठवावी. क्वचित एखादा संदेश दोनदा जाईल, ते चालते.

या सगळ्यावर दोन टप्प्यांच्या कमिटचा (सगळ्या यंत्रणांनी आधी तयारी आणि मग एकत्र कमिट करण्याचा) उपाय कोणीतरी सुचवेलच. पेमेंट गेटवे त्यात भाग घेत नाहीत, त्यामुळे मुख्य अडचण तशीच राहते. पोस्टग्रेसमध्ये तयार केलेले पण कमिट न झालेले ट्रान्झॅक्शन डेटाबेस पुन्हा सुरू केल्यावरही आपले लॉक धरून बसते, आणि ही सोय मूळतः बंद असते, ते उगाच नव्हे. घटक वेगळे करण्याच्या उत्साहात आसनसाठा आणि आरक्षणे दोन डेटाबेसांत नेऊ नका. सूचना खुशाल वेगळ्या करा. रेडिस या मेमरीतल्या डेटा-साठ्यामधल्या मुदतबंद लॉकवरही विक्रीचा अंतिम निर्णय सोपवू नका: लॉक घेतलेली प्रोसेस गार्बेज कलेक्शनमध्ये (मेमरीच्या साफसफाईत) अडकली आणि तेवढ्यात लॉकची मुदत संपली तर दोघांनाही लॉक आपलाच वाटतो. गर्दी पातळ करायला तो वापरता येईल, पण शेवटची राखण डेटाबेसमधल्या अटीनेच केली पाहिजे.

थोडे सेटिंगविषयी. पोस्टग्रेसमध्ये लॉक-टाइमआउट मूळतः शून्य, म्हणजे अमर्याद वाट, असते. आरक्षणाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल (फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरते सेटिंग) वापरून ते दोन-तीन सेकंदांवर आणावे. ट्रान्झॅक्शन उघडून निष्क्रिय बसलेली कनेक्शन तोडणारी मुदत 9.6 पासून उपलब्ध आहे, तीही लावावी. मायएसक्यूएलमध्ये लॉकसाठी थांबण्याची मूळ मुदत 50 सेकंद आहे आणि तिथे एक खोल खड्डा आहे: मुदत संपून 1205 ही चूक आली तर मूळ मांडणीत फक्त ते एक वाक्य मागे घेतले जाते, ट्रान्झॅक्शन उघडेच राहते. डेडलॉकच्या 1213 मध्ये मात्र सगळे ट्रान्झॅक्शन रोलबॅक होते. कोडने 1205 गिळून पुढे कमिट केले तर अर्धेच काम कायमचे नोंदले जाते. पोस्टग्रेसमध्ये कोणत्याही चुकीनंतर रोलबॅकशिवाय पुढची वाक्ये चालतच नाहीत, म्हणून तिथे तयार झालेल्या कोडमध्ये ही उणीव दडून राहते आणि नेमकी त्या एका ग्राहकाकडे उगवते.

पुन्हा प्रयत्न करायचा तो संपूर्ण ट्रान्झॅक्शनचा, आणि तो ट्रान्झॅक्शनल मेथडच्या बाहेरून. आतून केला तर आधीच बाद झालेल्या ट्रान्झॅक्शनवरच पुन्हा धडक मारली जाते. हायबरनेट (जावामधून डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) लिहिणे कमिटपर्यंत पुढे ढकलते, त्यामुळे अनन्यतेची चूक मेथड संपल्यावर येते आणि मेथडच्या आतल्या ट्राय-कॅचला ती दिसतही नाही. हेही बाहेरूनच पकडण्याचे कारण आहे. 40001, 40पी01 (पोस्टग्रेसमधला डेडलॉक) आणि 1213 यांना तीन प्रयत्न, मध्ये थोडी अनियमित विश्रांती, एवढे पुरे. 'आसन गेलेले आहे' या उत्तरावर पुन्हा प्रयत्न करू नये.

तुमच्या चाचण्यांनी यातले काहीच पकडले नाही, याचे आश्चर्य वाटू नये. प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करण्याच्या पद्धतीत दुसरे कनेक्शन कधी येतच नाही. दोन खरे थ्रेड, दोन खरी कनेक्शन आणि वाचणे व लिहिणे यांच्या मध्ये मुद्दाम थांबवणारा अडसर, अशी एक तरी चाचणी लिहा, आणि ती पोस्टग्रेस व मायएसक्यूएल या दोन्हींवर चालवा. चालू यंत्रणेवर कोण कोणासाठी अडले आहे ते पोस्टग्रेसच्या पीजी-ब्लॉकिंग-पिड्स या फंक्शनने कळते.

कामाला सुरुवात मी कोडमध्ये न करता डेटाबेसमध्ये करीन. आरक्षित आसनांच्या टेबलावर, रद्द न झालेल्या नोंदींपुरता, प्रयोग आणि आसन यांच्या जोडीवर अनन्य इंडेक्स बांधावा. मग कोड कितीही चुकला तरी दुसरी विक्री डेटाबेस नाकारेल. मायएसक्यूएलमध्ये अशी अटीसह अनन्यता थेट मिळत नाही, तिथे नोंद रद्द झाली की नल (रिकामा) होणारा जनरेटेड (इतर कॉलमांवरून आपोआप ठरणारा) कॉलम घेऊन त्यावर अनन्य इंडेक्स करावा, कारण नल किंमती एकमेकींशी टक्कर घेत नाहीत. त्याआधी ग्रुप बाय करून जुन्या दुहेरी विक्री शोधाव्या लागतील, नाहीतर इंडेक्स बांधलाच जाणार नाही. त्यांपैकी ज्या पुढच्या प्रयोगांच्या असतील त्यांच्या ग्राहकांना प्रयोगाच्या दिवसाआधी कळवणे हे काम तिकीट खिडकीचे आहे. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स कन्करंटली बांधला तर विक्री थांबवावी लागत नाही, पण ते वाक्य ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलण्याच्या) साधनाला तसे सांगावे लागते. आणि बांधणी मध्येच फसली तर अवैध इंडेक्स मागे उरतो, तो काढून टाकून पुन्हा बांधावा लागतो.